नापासांचा वर्ग

शिरूरला दर उन्हाळ्यात आम्हा शिक्षकांचं प्रशिक्षण असतं. पंखा असतो, पण तो साहेबांच्या डोक्यावर. एका वर्षी साहेबांनी आमचे गट पाडले, प्रत्येक गटाला एक मोठा पांढरा कागद आणि रंगीत मार्कर दिले आणि शिक्षणाचं उद्दिष्ट लिहायला सांगितलं. आमच्या गटानं ‘सर्वांगीण विकास’ लिहिलं. शेजारच्या गटानंही तेच लिहिलं होतं, पण त्यांनी भोवती फुलं काढली होती, म्हणून त्यांचं कौतुक झालं. मग चहा आला आणि उद्दिष्टाचा विषय तिथंच संपला.

मी तालुक्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात कला शाखेला इंग्रजी शिकवते. घर दौंडला, रेल्वे कॉलनीच्या मागं. आठवडाभर शिरूरला खोली करून राहते आणि शनिवारी एसटीनं घरी जाते. वडील रेल्वेत होते. आमच्या कॉलनीत उद्दिष्टाचा घोळ नव्हता. शिकायचं ते रेल्वेच्या परीक्षेसाठी, आणि नोकरी लागली की पुस्तकं रद्दीत. माझ्या भावानं तर नेमणुकीचं पत्र आलं त्याच दिवशी रद्दीवाल्याला हाक मारली. मला तेव्हा त्याचा भयंकर राग आला होता. आता वाटतं, त्या माणसांना आपल्याला काय हवंय ते निदान ठाऊक तरी होतं.

आमच्या महाविद्यालयात ज्याचं त्याचं हवं ते वेगळं, आणि कुणी कुणाला विचारत नाही. मुलं पहाटे रस्त्याच्या कडेनं पळतात, पोलीस भरतीसाठी. मग वर्गात येऊन मागच्या बाकावर डोकं टेकतात. त्यांना बारावीचा कागद हवा असतो, कारण त्याशिवाय भरतीत उभं करत नाहीत. एकाला मी हलवून उठवलं तर तो म्हणाला, मॅडम, पळून आलोय, आता निबंध नको. प्राचार्यांना शंभर टक्के निकाल हवा असतो. निकाल घसरला की पुढल्या वर्षी मुलं दुसरीकडं जातात, तुकडी बंद पडते आणि आमच्यातलाच कुणीतरी अतिरिक्त ठरतो. त्यामुळं त्यांना नावं ठेवता येत नाहीत. मी ठेवते, पण मनातल्या मनात.

या सगळ्यात एकच वर्ग मला मनापासून आवडायचा, तो नापासांचा. बारावीला इंग्रजीत उडालेली चार-सहा पोरं दर वर्षी असायचीच. फेरपरीक्षेसाठी जूनपासून मी त्यांचा तास मागच्या पत्र्याच्या खोलीत घ्यायचे. प्राचार्य तिकडं फिरकत नसत. त्या खोलीत हजेरी नव्हती, घटक चाचणी नव्हती, कसली घाई नव्हती. बियाण्याच्या पिशवीवरचा इंग्रजी मजकूर, औषधाच्या बाटलीवरची सूचना, कुणाच्या मोबाइलवर आलेला मेसेज, जे हाताशी येईल ते आम्ही वाचायचो आणि एकेका शब्दावर गप्पा मारत बसायचो. पोरं एकदा पडलेलीच होती, त्यामुळं चुकायला लाजत नसत. काही जण जुलैत सुटायचे, काही पुन्हा उडायचे आणि पुढल्या मार्चपर्यंत येत राहायचे. त्यांच्याकडून कुणालाच काही नको होतं, मलासुद्धा. म्हणून तो वर्ग बरा चालायचा, असं माझं मत आहे. ते मी प्रशिक्षणात कधी बोलले नाही.

एका वर्षी माझ्या बारावीच्या वर्गात एक मुलगी होती, कवठे येमाईच्या पुढल्या एका वस्तीवरून यायची. तिच्या आजोबांची मेंढरं होती. वडिलांनीही ती बरीच वर्षं सांभाळली. त्यांच्यामागं रानोमाळ फिरण्यात हिची सुरुवातीची वर्षं गेली, त्यामुळं ती शाळेत उशिरा बसली आणि बारावीला आली तेव्हा तिला अठरा पूर्ण होऊन गेली होती. आता मेंढरं नव्हती. कांदा होता, चार गाया होत्या, पत्र्याचं पण नीटनेटकं घर होतं. हिवाळ्यात एसटीला उशीर झाला की वडील बॅटरी घेऊन फाट्यावर उभे राहत, कारण त्या बाजूला उसात बिबट्या दिसायचा. हे मुद्दाम सांगते, कारण पुढचं वाचून कुणी त्यांना दुष्ट समजेल. ते तसे नव्हते.

मुलगी फार हुशार होती असंही नाही. मध्यम होती. खिडकीशी बसायची आणि तिथून तिला पत्र्याची खोली दिसायची. त्या वर्षी दोन जण पुन्हा उडाले होते, त्यांचा तास मी मधल्या सुट्टीनंतर घेत असे. एकदा तिनं मला विचारलं, ती पोरं एवढं काय हसत होती? मी म्हटलं, खताच्या पोत्यावर काय लिहिलंय ते वाचत होतो. तिला वाटलं मी थट्टा करतेय. दुसऱ्या दिवशी ती घरून रिकाम्या पोत्याचा कापलेला तुकडा घेऊन आली आणि तो मला वर्गाबाहेर वाचून दाखवला. चुकत चुकत वाचला, पण सगळा.

दिवाळीनंतर तिचं लग्न ठरलं. स्थळ दौंडचं, मुलगा रेल्वेत, कॉलनीत क्वार्टर. हे असलं स्थळ वस्तीवर चालून आलं म्हणून भावकी चकित झाली होती. मुलाकडच्यांची अट एकच, मुलगी बारावी पास पाहिजे. पास झाल्याशिवाय तारीख धरायची नाही. वडील मला सांगायला खास महाविद्यालयात आले. तुमच्या हातात हाय मॅडम, म्हणाले. इंग्रजीचंच तेवढं भ्या हाय.

परीक्षा झाली. एप्रिलमध्ये एका दुपारी ती माझ्या शिरूरच्या खोलीवर आली. आईबरोबर बाजाराला आली होती. आई साडीच्या दुकानात बसली होती, आणि ही वही परत करायची म्हणून निघून आली होती. वही कसली नव्हतीच. पाणी प्यायली आणि म्हणाली, “मॅडम, मी इंग्रजीत नापास व्हणार हाय.”

मी समजूत घालायला सुरुवात केली. तिनं मला थांबवलं. तिनं ठरवून केलं होतं. पेपर सोपा होता, पण तिनं दहाच मार्कांचं लिहिलं आणि बाकीचं सोडून दिलं. तोंडी परीक्षेचे वीस मार्क आमच्याकडं सगळ्यांना मिळतात, ते तिला माहीत होतं. वीस आणि दहा, तीस. पासाला पस्तीस लागतात. मी विचारलं, मग कोराच का नाही ठेवलास? तर त्याचंही उत्तर तिच्यापाशी होतं. पार तळाला गेली असती तर वडील म्हणाले असते, हिला शिक्षण झेपत न्हाई, आणि जवळच्या वस्तीवर देऊन मोकळे झाले असते. थोडक्यात गेली तर म्हणतील, एवढ्यावर गेलं, आणखी एकदा बस. दौंडचे लोकही थांबतील. आणि मग जूनपासून तिला पत्र्याच्या खोलीत येता येईल.

मला आधी हसू आलं. आयुष्यभर पास व्हायला शिकवलं, आणि इतक्या बारकाईनं नापास होणारं कुणी पहिल्यांदाच भेटत होतं. मी विचारलं, तुला पुढं काय व्हायचंय?

“मला काय व्हायचं न्हाई, मॅडम. मला नुसतं यायचं हाय.”

मग मला तिला ते सांगावं लागलं. थोडक्यात उडालेल्याला बोर्ड सवलतीचे गुण देऊन वर ओढतं. बाकीच्या विषयांत ती चांगली सुटणार होती. पाच गुणांसाठी तिला कुणी मागं ठेवणार नव्हतं. पोरीनं सगळा हिशेब केला होता, फक्त सरकारची दया त्यात धरली नव्हती.

“न मागता देत्यात?” तिनं विचारलं.

न मागता देतात, असं मी म्हणाले. तिनं ग्लासातलं उरलेलं पाणी संपवलं. मग आई शोधत येईल म्हणून उठली. मी तिला म्हटलं, मी तुझ्या वडिलांशी बोलते.

गेले मी वस्तीवर. वडिलांनी बाज टाकली, चहा आला. ती चुलीपाशी होती, ऐकू येईल इतक्या अंतरावर. मी नापास होण्याचं काही बोलले नाही. एवढंच म्हणाले, दादा, एखादं वर्ष थांबा, तिला शिकायचंय. त्यांनी माझं नीट ऐकून घेतलं आणि मग शांतपणे विचारलं, “तिला काय व्हायचंय? नर्स? पोलीस? ते सांगा. मी दौंडवाल्यांना आजच्या आज न्हाई म्हणून कळवतो.”

हे ते खोटं बोलत नव्हते. त्यांनी कळवलं असतं. मी पोलीस म्हणाले असते तर त्यांनी तिला पहाटे पळायला सोडलं असतं आणि स्वतः बॅटरी घेऊन मागं उभे राहिले असते. मी चुलीकडं बघितलं. तिनं मान हलवली, नाही म्हणून. ती बापाशी खोटं बोलणाऱ्यातली नव्हती, आणि माझ्याही तोंडून तिला ते नको होतं.

मी म्हणाले, बीए करेल.

“आन् मग?”

मग काय, ते मला सांगता येईना. वीस वर्षं शिकवूनही येईना. शिकावंसं वाटतं म्हणून शिकायचं, हे वाक्य त्या अंगणात मला उच्चारवेना, कारण ते पोट भरलेल्या माणसाचं वाक्य वाटलं असतं. ते म्हणाले, “मॅडम, मेंढरामागं फिरताना माझ्या बापाला इचारायचे, कुठं निघाला? तो म्हणायचा, जिथं चारा आसंल तिथं. तसं पोरीचं नको व्हायला. तिला ठिकाण मिळालंय.” मी उरलेला चहा प्यायले आणि शेवटच्या एसटीनं शिरूरला परत आले. वाटेत मला त्यांचा राग आला नाही याचाच राग येत होता.

निकाल शंभर टक्के लागला. महाविद्यालयाच्या इतिहासात पहिल्यांदा. प्राचार्यांनी पेढे वाटले, फाटकावर फ्लेक्स लागला, त्यात सगळ्यांचे फोटो होते आणि खालच्या रांगेत तिचाही. इंग्रजीत बरोबर पस्तीस.

दुसऱ्या दिवशी तिचे आईवडील तिला घेऊन आले. आमच्याकडं पुरुष शिक्षकाला टोपी-टॉवेल देतात. मी बाई, म्हणून त्यांनी ओटीचं सामान आणलं होतं. प्राचार्यांच्या खोलीत मला खुर्चीवर बसवलं. आईनं हळदीकुंकू लावलं आणि खण, नारळ, तांदूळ माझ्या पदरात घातले. ताट मुलीच्या हातात होतं. लग्न न झालेल्या मुलीनं ओटी भरायची नसते, म्हणून ती नुसती ताट धरून उभी होती. वडील सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले की या मॅडममुळं पोरगी पास झाली. त्यांचे डोळे भरून आले होते. आई ओंजळीनं तांदूळ घेई तसं ताट किंचित हले, आणि ती ते पुन्हा सरळ धरी. मी तिच्याकडं वर बघू शकले नाही. पदर सावरण्यात गुंतल्यासारखं दाखवलं. शिक्षकाच्या नोकरीत माझा इतका मोठा सत्कार त्याआधी झाला नव्हता आणि इतकं मेल्याहून मेल्यासारखंही झालं नव्हतं.

लग्नाला मी गेले नाही. लग्न दौंडलाच होतं आणि मीही त्या दिवशी तिथं घरी होते, तरीही.

श्रावणात एका रविवारी मंडईतून येताना ती मला कॉलनीच्या रस्त्यावर भेटली. हातात मेथीची जुडी आणि दुधाची पिशवी. डोक्यावर पदर होता, तब्येत बरी दिसत होती. मी विचारलं तेव्हा तिनं सगळं चांगलं आहे असं सांगितलं, आणि ते खरंच असावं. नवरा बोलायला बरा आहे, नळाला पाणी आहे, सासूबाई रागीट नाहीत. पलीकडून गाडीची घोषणा ऐकू येत होती. आम्ही दोघी ती संपेपर्यंत थांबलो. मला वाटलं आता ती निघेल, पण ती निघाली नाही.

“मॅडम, ह्या साली पत्र्याच्या खोलीत कितीजण हायेत?”

मी म्हटलं, कुणीच नाही. सगळे पास झाले ना. दोन रिपीटर होते, तेही सुटले. जूनपासून खोलीला कुलूप आहे. प्राचार्यांनी तिथं जुनी बाकं टाकलीत.

तिनं ते ऐकलं. मेथीची जुडी या हातातून त्या हातात घेतली आणि थोडं हसली.

“म्हंजी मी एकटीच आसते,” ती म्हणाली. मग विचारलं, “एकटीला शिकवलं आसतं तुम्ही?”

शिकवलं असतं, मी म्हणाले.