तोफमामांचं आभाळ

"नळी वर करा! आधी नळी वर करा, मग नारळ फोडा!"

खंडेनवमीची सकाळ. गावच्या विकास सोसायटीचे चेअरमन आप्पा हातात झेंडूचा हार घेऊन चौकातल्या तोफेसमोर उभे, आणि तोफमामा त्यांच्या कानात ओरडतायत. कानात म्हणजे चौकाच्या पलीकडून. मामांना जवळ येऊन ओरडायची गरज कधी पडलीच नाही. त्या आवाजानं पूजेच्या ताटातलं निरांजन विझलेलं मी स्वतः पाहिलं आहे. आप्पांचे कार्यकर्ते म्हणतात, वारा होता. त्यांचं काय घेऊन बसलात, ते आप्पांच्या घोरण्यालाही भाषण म्हणतात.

मामांचं खरं नाव रेशनकार्डावर होतं आणि ते तिथंच राहिलं. रमजानचे रोजे आणि खंडेनवमीची हजेरी, दोन्ही त्यांनी आयुष्यात चुकवलं नाही. तरुणपणी फौजेत विमानविरोधी तोफेवर होते. तिथं कान गेले आणि आवाज तेवढा राहिला. मामी म्हणायच्या, "विमान आमच्या घरावर कदी आलं न्हाई, पर तोफ रोज चालती."

तोफ गावात आली तीही थाटात. दुसऱ्या महायुद्धातली, भंगारात जाता जाता वाचलेली, गावाला शोभेसाठी मिळालेली. दौंड जंक्शनपर्यंत मालगाडीनं आणि पुढं उसाच्या ट्रेलरवरून, मोळीसारखी दोरखंडानं करकचून बांधलेली. सगळा गाव तिला रणगाडा म्हणत होता. मामा गर्दीतून आले, तिच्या नळीवरून म्हशीच्या पाठीवरून फिरवावा तसा हात फिरवला आणि म्हणाले, "थ्री पॉइंट सेव्हन इंची. एकाहत्तरच्या लढाईला आमी हिच्यावरच व्हतो." त्या दिवसापासून ते तोफमामा झाले आणि तोफ त्यांची झाली. मामींनी दोघांनाही मान्यता दिली. दिली नसती तर ऐकणार कोण होतं?

तोफेचा तांत्रिक तपशील मामांना तोंडपाठ होता. तेरा किलोचा गोळा, तीस हजार फूट उंची, हातानं भरला तर मिनिटाला दहा, गोळा कवा फुटायचा ते ठरवणारा फ्यूज लावायचं यंत्र बसवलं तर वीस. हे पहिल्या वर्षी. दुसऱ्या वर्षी उंची चाळीस हजार झाली. पुढं पुढं ती इतकी वाढली की पुण्याहून उडालेल्या विमानांनी आमच्या गावावरून जाताना पंख मिटून जायला हवं होतं. गोळा भरायचा मागचा ब्रीच काढलेल्या, तोंडाला झाकण ठोकलेल्या तोफेचा पल्ला दर वर्षी वाढतो, हा चमत्कार आमच्याच तालुक्यात होतो. आमच्या निवृत्त पुढाऱ्यांचे पराक्रमही याच हिशोबानं वाढतात.

एकदा मी कानाशी ओरडून त्यांना कोंडीत पकडायला गेलो. "मामा, एवढी भारी तोफ, मग तुम्ही विमानं किती पाडली?"

"एकबी न्हाई."

मी हसलो. मामा हसले नाहीत. "भाच्या, पाडायचं नशिबावर असतंय. हिचं काम येगळं. विमानाला इतकं वर ठिवायचं, की खाली काय हाय ते त्याला नीट दिसू ने. त्यानं घाबरून बाँब टाकला, त्यो ज्वारीत पडला. ज्वारी गेली, धावपट्टी ऱ्हायली. ह्यो परफॉर्मन्स."

त्यांचं दुसरं तत्त्व जास्त धोक्याचं होतं. "विमान जितं दिसतंय तितं मारायचं न्हाई. गोळा वर जाईस्तवर ते जितं पोचंल, तितं मारायचं." हे त्यांनी संसारालाही लावलं. एसटीच्या थांब्यावर ते कधी उभे राहत नसत. गाडी थांबा सोडून पुढं थांबते म्हणून आधीच बरेच पुढं जाऊन उभे राहायचे. तिकडं उभ्या असलेल्या मामांना बघून ड्रायव्हरला त्यांचा आवाज आठवायचा, तो थांब्यावरच करकचून ब्रेक मारायचा, आणि मामा पिशवी सांभाळत उलटे पळत यायचे. पळताना सांगायचे, "नेम बराबर व्हता. विमानानं वळण घेतलं."

आता नळीचं. तोफ बसवली तेव्हा तिची नळी आभाळाकडं होती. पहिल्याच खंडेनवमीला आप्पांच्या लक्षात आलं, की हार घालायला हात पुरत नाही. आप्पांची उंची राजकारणात फार आहे, इंचांत बेताची. शिडी आणली असती तर फोटोत शिडी आली असती. म्हणून हत्यार पूजेला आणायच्या ऐवजी पूजेच्या उंचीवर आणलं. चाक फिरवून नळी खाली केली, आणि ती नेमकी आप्पांच्या विरोधकाच्या गॅलरीवर रोखली गेली. त्याची बायको तिथं कपडे वाळत घालायची बंद झाली. पुढच्या निवडणुकीत तो निवडून आला आणि त्यानं पहिला विकास काय केला, तर नळी आप्पांच्या गोठ्याकडं वळवली. मग आप्पा परत आले. त्यांनी नळी पुन्हा गॅलरीवर आणली आणि कायमची वेल्डिंग करून टाकली. बाकी गावात एवढी पक्की वेल्डिंग कशालाच नाही, पाण्याच्या टाकीलासुद्धा नाही.

मामा तेव्हापासून ओरडत होते. लोकांना ती गंमत वाटायची. मलाही वाटायची. एकदा चहा पिता पिता म्हणाले, "मी बारा वर्सं हिच्यामागं उभा ऱ्हायलो. हिनं कदी मान्साकडं बगितलं न्हाई. आता मी म्हातारा झालो, तर हिला शेजाऱ्याच्या गॅलरीवर लावली." चहा तसाच ठेवून ते उठून गेले. त्यानंतर ओरडण्याची गंमत मला तरी वाटेनाशी झाली.

मागच्या वर्षी दौंडच्या डॉक्टरांनी त्यांच्या छातीचं खरं काय ते सांगितलं. मामांनी आम्हाला त्यांच्या भाषेत सांगितलं, "फ्यूज लावून गोळा सुटलाय. कवा फुटंल तवा फुटंल. त्याआदी नळी वर झालेली बगायची हाय, बास."

त्या खंडेनवमीला मामा ओरडले नाहीत. सगळा चौक वाट बघत होता. ते हळूहळू चालत आप्पांपर्यंत गेले आणि कुजबुजले. आता बहिऱ्या गनरचं कुजबुजणं म्हणजे काय, ते हायवेवरच्या कासुर्डीच्या टपऱ्यांपर्यंत ऐकू गेलं असणार.

"आप्पा, एक सांगू का. फौजेत हत्याराची नळी खाली कवा करत्यात ठावं हाय ना? कुणी मोठा मानूस गेल्यावर. शोक शस्त्र म्हंत्यात त्याला. आन् तुमी दर साली नळीखाली हार घिऊन फोटो काडता. तुमची मर्जी."

आप्पांनी मान वर करून आपल्याच फ्लेक्सकडं पाहिलं. खाली झुकलेली नळी, झेंडूचा हार, मधोमध आप्पांचा हात जोडलेला हसरा फोटो. वर नुसतं 'भावपूर्ण' लिहायचं बाकी होतं. मागं विरोधकांपैकी कुणीतरी रडण्याचा आवाज काढला आणि सगळा चौक हसत सुटला. निवडणूक महिन्यावर आली होती. दुपार व्हायच्या आत शिरूरहून गॅस कटर आला.

वेल्डिंग सुटली, पण चाक हलेना. एक कार्यकर्ता म्हणाला, जेसीबी लावू. मामांनी त्याच्याकडं असं पाहिलं, की तो पोरगा थेट मोटारसायकल पुसायला गेला. डिझेल ओतलं, ऑइल ओतलं, चौघं चाकाला भिडले. खुर्चीत बसलेले मामा ओरडत होते, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच कुणी त्यांना गप्प बसा म्हटलं नाही. नळी कुरकुरत वर गेली. मामा नळीकडं बघत नव्हते, ती जिकडं चालली होती तिकडं बघत होते. वर एक घार होती. बाकी आभाळ मोकळं.

आता आप्पांना हार घालायला शिडी लागते, आणि ती धरायला विरोधक हौसेनं पुढं येतात. आप्पा मात्र अजून ती त्यांच्यातल्या कुणाच्या हातात देत नाहीत. मामा त्याच थंडीत गेले. दफनाला आप्पा आले होते, आणि ते भाषण न करता परत गेले, याची नोंद तालुक्यानं घ्यायला हवी.

नळी वर झाली त्या दुपारी मी मामांना घरी सोडायला गेलो होतो. दारात त्यांच्या कानाशी तोंड नेऊन मी विचारलं, "मामा, नळी खाली म्हणजे शोक, हा नियम तोफेला पण असतो?"

"न्हाई," मामा म्हणाले. "रायफलीला असतो."