सकाळी काय खाल्लंस?

मैदानावर पोर पडलं की खेळाचे सर शिट्टी फुंकत धावायचे, त्याच्याशेजारी बसायचे आणि डोळ्यांत बघून विचारायचे, "सकाळी काय खाल्लंस रे?" गुडघा फुटलाय का, रक्त येतंय का, ते नंतर. आधी न्याहारी. नवीन माणसाला वाटावं, या गृहस्थाला पोरांच्या डब्यात भारीच रस.

मलाही तसंच वाटलं होतं. मी त्याच शाळेत मराठी शिकवायचे. आचऱ्याजवळची शाळा, तांबड्या मातीचं मैदान, कडेला काजूची झाडं. सर आतल्या गावचे, शेतकऱ्याच्या घरचे. मुंबईला काकांकडे शिकायला गेले आणि रग्बी लीग नावाचा खेळ खेळता खेळता थेट भारताच्या संघात पोचले. गावाने त्यांचं नावच 'इंडिया' ठेवलं होतं. "इंडिया, चाय घेवन जा रे!" अशी हाक बाजारात उठली की परगावचा माणूस दचकून वळायचा.

खेळ कोणता, हे मात्र गावाला कधीच कळलं नाही. सत्काराच्या फलकावर 'आंतरराष्ट्रीय कबड्डीपटू' असं ठळक छापलं होतं. मी चूक दाखवली तर सर म्हणाले, "ऱ्हवांदे, बाई. समोरच्याक पाडूचा, ता हय काय नि थय काय." पोरांना समजावताना ते असोला नारळ, म्हणजे न सोललेला, काखेत धरायचे. चेंडू साधारण तसाच लांबट. तो घेऊन पुढे धावायचं, पण द्यायचा मागच्याच गड्याकडे. आणि समोरचे तेरा जण तुम्हाला आडवं करायला टपलेले. आता तुम्हीच सांगा, याला खेळ म्हणायचं की मारामारी?

एका वर्षी आमच्या मुली तालुक्याच्या कबड्डीत अंतिम सामन्यापर्यंत गेल्या. आमची कर्णधार चढाईत पकडली गेली आणि पडताना तिचं डोकं जमिनीवर आपटलं. पण पोरगी उठली, हसली, माती झटकून पुन्हा उभी राहिली. सर आत गेलेच.

"सकाळी काय खाल्लंस गो?"

"घावणे."

"घावण्यांवांगडा तोंडी लावूक काय होता?"

ती मैत्रिणींकडे बघायला लागली. मग हळूच म्हणाली, "आठवणा नाय, सर."

"चल, भायर बस."

शेवटची काही मिनिटं उरली होती. आम्ही दोन गुणांनी हरलो. कर्णधार हमसून हमसून रडली आणि तीन दिवस सरांशी बोलली नाही. मुख्याध्यापक सगळ्यांदेखत म्हणाले, "एका चटणीपायी चषक घालवलात!" खोटं कशाला बोलू, मीही मनातून चिडलेच होते. मधल्या सुट्टीत मी त्यांना गाठलं आणि म्हटलं, "सर, हा कसला हट्ट?"

तेव्हा त्यांनी सांगितलं. एरवी गंभीर काही सांगायचं तर ते शुद्ध मराठीवर यायचे, पण त्या दिवशी दुसऱ्याच वाक्याला मालवणीवर आले.

परदेशातला सामना होता. सकाळीच आईचा फोन आला होता, आज संकष्टी, मटणाबिटणाला हात लावू नकोस. खेळताना सरांच्या डोक्याला जरासा मार लागला. अशा वेळी डॉक्टर मैदानात येऊन प्रश्न विचारतात: आज काय आहे, हे मैदान कुठलं, शेवटचे गुण कोणी केले. डोकं ठिकाणावर आहे का, ते बघायला.

"माका इचारल्यान, आज काय आसा? मी सांगलंय, संकष्टी."

डॉक्टर गोरा. त्याने 'संकष्टी' दोनदा ऐकलं, मान हलवली आणि सरांना बाहेर काढलं. अख्ख्या मैदानात तिथी ठाऊक असलेला एकुलता एक माणूस, आणि त्यालाच शुद्ध नाही म्हणून बाकावर बसवलं! मी खो खो हसले. सरही हसले. मग त्यांचं हसू गेलं.

"तवसून मी उत्तरां पाठ करूक लागलंय, बाई. तारीख, वार, गाव, मैदान. गुण बदललो की बाजूचो गडी कानात सांगायचो."

पुढच्या वर्षी खरोखरचा मार लागला. कानांत घंटा, डोळ्यांपुढे दोन दोन डॉक्टर. सरांनी सगळी उत्तरं घडाघडा दिली. डॉक्टरने पाठ थोपटली आणि ते खेळत राहिले. त्यानंतर आणखी दोनदा डोकं आपटलं. सामना भारताने जिंकला, निर्णायक गुण सरांनीच केले. तसं सगळे सांगतात. त्यांना स्वतःला त्यातलं काहीही आठवत नव्हतं. मुंबईच्या डॉक्टरने खेळ कायमचा बंद केला.

"सकाळी काय खाल्लंय, ह्या कोण पाठ करीत नाय," सर म्हणाले. "म्हणान इचारतंय."

हे मी मुख्याध्यापकांना आणि मुलींना सांगितलं. त्यानंतर आमच्या शाळेत चटणीवरून कोणी काही बोललं नाही.

पुढे सर अधूनमधून विसरायला लागले. गळ्यात असलेली शिट्टी कपाटात शोधायचे. एकदा तर रविवारी शाळेत येऊन मैदान आखून गेले. सोमवारी मी त्यांची चेष्टा केली, "सर, काल हजेरी कोणाची घेतलीत?" त्या चेष्टेची मला आजही लाज वाटते.

मग एका सकाळी सातवीतला मुलगा मैदानावर पडला. सरांनी विचारलं. तो म्हणाला, "पेज." सरांनी परत विचारलं. त्याने परत सांगितलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा भोवतीच्या पोरांनीच सांगितलं, "पेज." सरांनी एकेकाच्या तोंडाकडे बघितलं, उठले आणि सरळ कचेरीत आले. मी तिथेच होते. त्यांनी शिट्टी काढून मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवली.

"सर, माका भायर काढा. पोरांनी दिलेला उत्तर आता माझ्या ध्यानात ऱ्हवणा नाय."

मुख्याध्यापक खुर्चीतून उठलेच. म्हणाले, "निदान वर्ष तरी पुरं करा."

"नको. थय मार लागल्यार पण मी खेळत ऱ्हवलंय, म्हणान ह्या झाला. हय पोरां आसत."

गेल्या मे महिन्यात मी त्यांच्या घरी गेले. घरापुढच्या खळ्यात कोकमाची सोलं वाळत घातली होती. त्यांच्या बायकोने मला दारातच थांबवलं.

"बाई, तेंका काय इचारू नका हां. प्रश्न इचारल्यार घाबरतत. चुकलंय तर भायर काढतीत, म्हणतत."

एकही प्रश्न न विचारता माणसाशी बोलून बघा एकदा. आपलं बोलणं सुरूच होतं प्रश्नाने. बरे आसात मा? जेवलात? मी सगळं गिळून नुसतं सांगत राहिले. शाळेला नवीन रंग दिलाय. तुमची कर्णधार लग्न होऊन देवबागला गेली, घरी पर्यटक ठेवते. यंदा काजू कमी धरला. सर ऐकत होते, हसायच्या जागी हसत होते. त्यांनी मला ओळखलं का, ते मला ठाऊक नाही.

तासाभराने मी उठले. निघताना आपण 'येऊ?' म्हणतो. शब्द अगदी ओठांवर आला होता. मी तो मागे घेतला, 'येते' म्हटलं आणि खळं उतरले.