रिकामे हात, पांढरं पातळ

नवरा धडधाकट जिवंत असताना मी अर्धा दिवस विधवा म्हणून काढला आहे. आता नर्सिंगचं पुढं काय व्हावं, अभ्यासक्रमात काय घालावं, यावर सभा भरतात. मला जुनी म्हणून बोलावतात, हार घालतात आणि दोन शब्द बोला म्हणतात. मी ही गोष्ट सांगते. लोक आधी हसतात. हसण्यासारखं त्यात काही नव्हतं.

लढाईची वर्षं होती. मालक फौजेत, समुद्रापलीकडं. पायाला गोळी चाटून गेली तेव्हा ते लष्करी इस्पितळात पडून होते आणि तिथल्या सिस्टर लोकांचं काम बघून आले होते. रजेवर आले तेव्हा म्हणाले, "फौजेत सिस्टर आली की सुभेदारबी सरळ होऊन बसतो. तू शीक." मामंजी म्हणजे माझे सासरे. ते आधीच्या लढाईतले पेन्शनर, त्यांनी मान डोलावली. सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणायचो. त्या माझ्याशी बोलायच्या बंद झाल्या, आणि जे काही सुनवायचं ते गोठ्यातल्या म्हशीला सुनवू लागल्या. "आता तुजं दूध कोन काडनार गं बाई, हितल्या बाया डागदर व्हाय निगाल्या." म्हैस बिचारी रवंथ करत ऐकायची. मी चौथी शिकलेली होते, वर थोडं इंग्रजी मालकांनी गिरवून घेतलेलं. तेवढ्यावर मला सांगलीच्या एका दवाखान्यात शिकाऊ म्हणून घेतलं.

तिथं बरोबरच्या बहुतेक मुली ख्रिस्ती होत्या, नाहीतर घरच्यांनी टाकलेल्या विधवा. शेतकऱ्याच्या घरातली, नवरा असलेली मी एकटीच. आमच्या मेट्रनबाई नगरकडच्या, मिशनमध्ये वाढलेल्या, बोलायला सुरीसारख्या. त्या मला पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "मला तुझ्यासारख्या दहा पाहिजेत. बाळंतपणाला बाई येते आणि जवळ कोण आहे ते बघून दारातून परत जाते. घराघरांतून मुली आल्या तरच हे काम पुढं जाणार आहे. नाहीतर आपण नुसत्या भिंती सांभाळत बसू." मला तेव्हा ते नीट कळलं नव्हतं. अभिमान मात्र वाटला होता.

कामावर बांगडी चालत नसे. पांढरं पातळ, आणि हात मनगटापासून कोपरापर्यंत मोकळे. मी साबण लावून बांगड्या उतरवायची, पत्र्याच्या डबीत ठेवायची आणि खोलीवर आले की परत भरायची. हाडांची नावं इंग्रजीत पाठ करायची, हत्यारं उकळायची आणि ऑपरेशनच्या आधी हात घासून झाले की देव आला तरी त्याला शिवायचं नाही. हे शेवटचं आम्हाला इतकं घोकून घेतलं होतं की झोपेतही हात वर धरून उठले असते.

कुंडलला माझं माहेर. आईला एवढंच माहीत होतं, की लेक सांगलीला शिकायला आहे. काय शिकते, काय नेसते, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. तिलाही विचारावंसं वाटलं नव्हतं. मग एके दिवशी चुलत्याला बरोबर घेऊन, भाकऱ्यांचं गाठोडं बांधून ती गाडीनं निघाली, न कळवता.

आतड्याला पीळ पडलेला एक माणूस टेबलावर घ्यायचा होता. मी तयार होऊन थिएटरच्या दारात उभी होते. अंगात पांढरा झगा, भुवयांपर्यंत पांढरं फडकं, तोंडावर मास्क, मंगळसूत्र झग्याच्या आत, घासलेले हात वर धरलेले. स्ट्रेचर येताना दिसत होतं आणि त्याच्या पुढून आई येताना दिसली. नुसत्या डोळ्यांवरून तिनं मला ओळखलं. मग ती पायांपासून डोक्यापर्यंत माझ्याकडं बघत राहिली, आणि तिचा चेहरा असा झाला की मला वाटलं, हिला झटका आला. दोन्ही हात पसरून ती धावली.

मी ओरडले, "शिवू नको! लांब हो!"

ती जागच्या जागी थिजली. तेवढ्यात स्ट्रेचर आलं, मी आत गेले, दार लागलं. दारापलीकडून एक हंबरडा ऐकू आला. दवाखान्यात हंबरडे रोजचे. तो माझ्यासाठी आहे हे माझ्या ध्यानीमनीही नव्हतं. बाहेर आले तेव्हा ओसरीवर गाठोडं पडलेलं, आई नाही. मला वाटलं, फुगून गेली. जाऊ दे, सुट्टी मिळाली की कुंडलला जाऊन समजूत काढू.

आज मी रागानं म्हणते, आम्हाला दोनशे हाडांची नावं शिकवली आणि आईला "जरा थांब, हात धुतलेत, आत्ता येते" एवढं म्हणायला कुणी शिकवलं नाही. पुढं मी स्वतः मुलींना शिकवायला लागले तेव्हा साबण हातात देण्याआधी हे वाक्य त्यांच्याकडून म्हणवून घ्यायची. मुली खिदळायच्या. खिदळू देत.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी वॉर्डात ताप बघत होते. दारात दीर उभा. डोकं सफाचट, मिशी उतरवलेली. ज्या मिशीला तो रोज आरशात बघून पीळ द्यायचा ती मिशी. आमच्याकडं दिरानं वहिनीच्या तोंडाकडं मान वर करून बघायची रीत नाही, त्यानं बघितलंही नाही. जमिनीकडं बघत म्हणाला, "वैनी, चला."

मी काही विचारलं नाही. विचारायचं काय? घरातला एकच माणूस लढाईवर होता. थर्मामीटर हातातून सुटून फुटला, पारा फरशीवर धावत सुटला आणि मी त्या पाऱ्याकडं बघत माझ्या हातानं कपाळाचं कुंकू पुसलं. आपण काय केलं हे बोटांना लाल लागलेलं बघून कळलं. मला रडू आलं नाही. मेट्रनबाई आल्या, त्यांनी दिराचं डोकं बघितलं आणि माझ्या पाठीवर हात ठेवून "जा" म्हणाल्या.

मोटार कोळशाच्या गॅसवर चालायची तो काळ. चढ आला की ड्रायव्हर उतरून भट्टी ढवळायचा, मग ती पुन्हा निघायची. दीर पुढच्या बाकावर तोंड फिरवून रडत होता. त्याला वाटत होतं, मला सगळं माहीत आहे. मला वाटत होतं, त्याला सगळं माहीत आहे. सबंध वाटेत दोघांपैकी एकानं जरी तोंड उघडलं असतं तरी पुढचं टळलं असतं. पण असल्या वेळी बोलायचं नसतं, हे आम्हाला लहानपणापासून शिकवलेलं.

सासरच्या घराच्या अंगणात बायका बसलेल्या. चूल पेटलेली नव्हती. लग्नातल्या मानपानापासून ज्या दोघी एका घोंगड्यावर बसल्या नव्हत्या त्या माझी आई आणि आत्याबाई एकमेकींच्या गळ्यात पडून रडत होत्या. भावकीतली एक म्हातारी हातात दगड घेऊन पुढं आली. बांगड्या फोडायच्या असतात, त्यासाठी. तिनं माझा हात धरला, चाचपला आणि सोडून दिला.

"हिच्या हातात काय बी न्हाई."

आई म्हणाली, "मी सांगितलं न्हवं? तितंच उतरल्यात वं त्येनी."

मला तेव्हाही काही उमजलं नाही. मी भिंतीला टेकून बसले होते आणि मालकांचा चेहरा आठवायचा प्रयत्न करत होते. तो आठवत नव्हता. त्याचीच जास्त भीती वाटली.

मामंजी पेन्शन आणायला साताऱ्याला गेले होते, ते तेव्हा परत आले. वेशीतच त्यांना कुणीतरी सांगितलं असावं. पायातल्या वहाणा न काढता ते अंगणात उभे राहिले. फौजेत उमर काढलेला माणूस, त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "तार कुटं हाय?"

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं.

"मला कुठली तार?" मी म्हणाले. "भावजी डोकं करून न्यायला आले, म्हणून मी..."

दिरानं पहिल्यांदा मान वर केली. "आवं वैनी, मला तर तुमच्या आईनं सांगितलं."

मामंजी आईकडं वळले. "विहीणबाई, तुमाला कुनी सांगितलं?"

"सांगाय कशाला पायजे?" आई स्फुंदत म्हणाली. "पांढरं नेसलीया. हात मोकळं. कपाळ झाकल्यालं. मी जवळ घ्याय गेले तर शिवू नको म्हनली. सुतकात असल्याबिगर पोर आईला आसं म्हनती व्हय?"

मामंजींनी पायातल्या वहाणा काढल्या. कुणी हसलं नाही. मी सांगायला लागले, आई, अगं हात धुतले होते, आतल्या माणसाला बाधू नये म्हणून. माझे शब्द त्या अंगणात मलाच परके वाटत होते. म्हातारीनं दगड पदराआड लपवला. आत्याबाई उठल्या, आतून करंडा घेऊन आल्या आणि माझ्या कपाळावर असं कुंकू दाबलं की डोकं भिंतीवर आपटलं. कुणीतरी म्हणालं, मेल्याची खोटी बातमी उठली की माणसाचं आयुष्य वाढतं. आत्याबाईंना तेवढ्यानं धीर येणार नव्हता. तार नाही म्हणजे माणूस आहे, एवढंच. पत्र तर बरेच दिवस आलं नव्हतं. आणि बायकोनं स्वतःच्या हातानं कुंकू पुसलं होतं. ते मी त्यांना सांगितलं नव्हतं, माझी लाल बोटं दिसलेल्या दिरानं सांगितलं.

कासारीण बोलावली. दोन्ही हात भरून हिरव्या बांगड्या. "भरताना येक बी वाडू देऊ नगं," आत्याबाईंनी तिला बजावलं. बांगडी फुटली असं आमच्यात म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. मामंजी म्हणाले, पोरानं शीक म्हणून सांगितलंय, तवा तिला जाऊ दे. आत्याबाई म्हणाल्या, "जाऊ दे की. पर ह्या हातातनं निगायच्या न्हाईत. निगाल्या तर हे दार बंद." आणि मेट्रनबाईंना हे तोंडावर सांगायला त्या स्वतः माझ्याबरोबर सांगलीला आल्या.

मेट्रनबाईंनी सगळं ऐकून घेतलं. त्यांना वाईट वाटलेलं दिसत होतं. तरी म्हणाल्या, "थिएटरात आणि बाळंतपणाच्या खोलीत बांगडी चालणार नाही. माझी आई आली तरी नाही. बांगडीखाली घाण राहते, आणि ती बाळंतिणीच्या जिवावर उठते."

"झालं तर मग," आत्याबाई मला म्हणाल्या. "चल."

माझं शिक्षण तिथं संपलं होतं. मला ओरडावंसं वाटत होतं, आणि कुणावर ओरडावं ते कळत नव्हतं. दोघीही खोटं बोलत नव्हत्या.

आम्ही ओसरीवरून उतरतो तर फाटकात बैलगाडी उभी. म्हसवडच्या बाजूची धनगरांची माणसं, मेंढरं घेऊन इकडं उतरलेली. गाडीत पोरगी, पहिलटकरीण, अडलेली. ओठ पांढरे पडले होते. आमच्यातल्या दोघी शिकाऊ मुली तिला उतरवायला धावल्या, तर तिची सासू गाडीच्या मागं आडवी उभी. "रांडमुंड बायांच्या हातात माजी सून द्याची न्हाई. आत कुकवाची बाई हाय का येकादी?" पोरगी कण्हत होती आणि ही हटत नव्हती. मेट्रनबाई विनवून थकल्या. मग त्या बाईची नजर माझ्यावर पडली. कपाळभर कुंकू, हातभर हिरवा चुडा.

"ही आत ऱ्हानार का? ही ऱ्हानार आसंल तर न्या."

मेट्रनबाईंनी माझ्याकडं बघितलं. माझ्या हातांकडं नाही, तोंडाकडं. मी आत्याबाईंकडं बघितलं. आत्याबाई गाडीतल्या पोरीकडं बघत होत्या. बराच वेळ बघत होत्या.

"साबन कुटं हाय?" त्या म्हणाल्या.

हौदापाशी त्यांनी माझे हात स्वतःच्या हातात घेतले. म्हशीची कास ओढून आणि खुरपं धरून घट्टे पडलेली ती बोटं. फेस करून एकेक बांगडी माझ्या हातातून सोडवली, एकही न दुखवता, आणि एकेक करून स्वतःच्या हातात चढवायला लागल्या. "तुजं काम होईस्तवर हितं ऱ्हातील," त्या म्हणाल्या. "मोकळ्या पडाय नकोत."

त्यांचा हात माझ्या दुप्पट. अंगठ्याच्या हाडावरून बांगडी जाईना. त्यांनी दाबली. एक वाढली. मी दचकून त्यांचा हात धरला. त्यांनी तो झिडकारला आणि पुढची घातली. तीही वाढली, आणि मनगटातून रक्ताची धार आली. त्या बांगड्या आता त्यांच्या हातावर वाढत होत्या, म्हणजे अपशकुन मामंजींवर येत होता. हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं.

"आत्याबाई, नका," मी म्हणाले.

"माज्या हातावर वाडल्यात, तुज्या न्हवं," त्या म्हणाल्या, आणि तिसरी बांगडी उचलली. "बघत काय ऱ्हायलीस? जा आत. पोर मरंल."