मामांसाठी ठेवलेल्या पुड्या

कृषी सहायक म्हणून नेकनूरकडच्या गावांत फिरायला लागल्यापासून माझ्याकडे दोनच गोष्टी साठल्यात, काळजी आणि किस्से. किस्से सांगितले की काळजी तेवढ्यापुरती उतरते, म्हणून सांगते.

*

सिंधूकाकूंच्या दोन एकर ज्वारीत उंदीर घुसले. कणसं भरायच्या आत धाटं आडवी! वर्षाची भाकरी आणि बैलांचा कडबा त्यातच. मी पारावर मीटिंग घेतली. "उंदरांना विष..." म्हणताच सगळे दबक्या आवाजात ओरडले, "हळू, मॅडम! मामा म्हणा. नाव घेतलं की ऐकत्यात अन् सावध व्हत्यात!"

मग मी फळ्यावर लिहिलं. त्याला कुणाची हरकत नव्हती.

*

आधी सगळी बिळं बुजवायची. दुसऱ्या दिवशी जी उकरलेली दिसतील, त्यांत उंदीर. सकाळी काकू रडवेल्या, "समदी उघडली की ओ!"

मी म्हणाले, "छान!"

त्या दिवशी मला चहा मिळाला नाही.

*

उंदीर नवं खाणं चाखून सोडून देतो. म्हणून दोन दिवस बिनविषाचं घालून सवय लावायची. ज्वारीचा भरडा, तेल, गूळ, सगळं कागदाच्या पुडीत.

काकूंनी कपाळाला हात लावला. "आदी जेवू घालायचं अन् मग मारायचं? ही कुटली रीत?"

पण भरडा त्यांनीच भाजला, वर वेलची टाकली!

*

दोन्ही दिवस पुड्या फस्त! तिसऱ्या दिवशी विष घालायचं, तर चतुर्थी निघाली. "गणपतीच्या वाहनाला आज? लिंबागणेशचं देऊळ जवळ हाय, मॅडम!" म्हणजे अजून एक दिवस जेवण. इकडे रोज धाटं पडत होती आणि माझ्या घशाखाली घास उतरत नव्हता.

*

शनिवारी सकाळी मी बांधावरच्या बिळांपाशी विषाच्या पुड्या ठेवून आले आणि काकूंच्या ओट्यावर चहाला बसले. म्हटलं, "काकू, रिकाम्या कागदांच्या रोज घड्या घालून दगडाखाली ठेवता, किती नीट काम तुमचं!"

"मी कुटं? मी बांधावर गेलतेच न्हाई." काकूंच्या हातून बशी पडली. "अगं बाई! तिथं आबा मेंढ्या चारत असत्यात!"

आम्ही धावत सुटलो. चप्पल कुठे गेली कळलं नाही. माझ्या हातून माणूस गेला, एवढंच डोक्यात.

म्हातारे आबा बाभळीखाली बसलेले. पुढ्यात सगळ्या पुड्या गोळा केलेल्या, एक उघडी.

काकूंना बघून ते वैतागले. "रोज आठवणीनं ठिवतीस अन् आज इसरलीस व्हय, सिंधू? शनवार हाय माजा. शाबूदाना ठिवायचा न्हाई का!"