सीमेपलीकडे माल पोचतो

ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात किस्से रद्दीपेक्षा लवकर साठतात. रद्दी निदान कोणी घेऊन तरी जातं! वाघोलीत आमचं ऑफिस. नेपाळला जाणाऱ्या ट्रकची कागदपत्रं मी करते.

नेपाळचं पहिलं काम मिळालं तेव्हा आमच्या शेठनी पेढे वाटले. "आता आपण इंटरनॅशनल!"

महिन्याभरात द्राक्षांची गाडी सीमेवर अडकली. पलीकडे गडबड, फाटक बंद. ड्रायव्हर संतोषचा फोन आला.

"शेठ, काय करू?"

"वाट बघ."

"मी बघतो हो, द्राक्षं कुठं बघतायत!"

नवव्या दिवशी गाडीखालून रस गळायला लागला. संतोषच्या घरी अजून द्राक्षं आणत नाहीत.

*

एका गिऱ्हाइकानं आमच्या ऑफिसातल्या गोखलेकाकांना दिवसातून सहा वेळा विचारलं, "माल कधी पोचणार?"

काका म्हणाले, "फाटक उघडलं की. किल्ली आमच्याकडे नसते!"

*

हा किस्सा मी सहसा सांगत नाही. गाडीच्या नंबरातला एक आकडा मी चुकीचा टाइप केला. संतोष तीन दिवस सीमेवर थांबला. दुसऱ्या दिवशी इकडे त्याचे वडील गेले. भरलेली गाडी सोडून येणार कसा? स्मशानात त्याला व्हिडिओ कॉल लावून मीच मोबाईल धरून उभी होते. अग्नी दिला आणि नेमकं नेटवर्क गेलं.

तो परत आल्यावर मी त्याची माफी मागायला गेले. तो म्हणाला, "आकडा बरोबर असता, तरी अंतर तेवढंच होतं, मॅडम."

*

आमचे सगळ्यात जुने ड्रायव्हर कांबळेमामा. ते सीमेपलीकडे भैरहवा गावी माल टाकायचे. तिथून लुंबिनी तासाभरावर. विमलमामींना बुद्धांचं जन्मस्थान बघायचं होतं. पण ट्रकमध्ये घरच्यांना न्यायची परवानगी नाही. मामा दर वेळी म्हणायचे, "रिटायर झालो की दोघं बसनं जाऊ."

गेल्या वर्षी मामी गेल्या. पंधरा दिवसांनी मामांनी भैरहवाची ट्रिप मागून घेतली.

मागच्या गाडीत संतोष होता, त्यानंच हे सांगितलं. सीमेवर अधिकाऱ्यानं केबिन तपासली. शेजारच्या सीटवर पांढऱ्या कापडात बांधलेला तांब्या, त्याला सीटबेल्ट लावलेला.

"इसमें क्या है?"

"घरवाली है, साहब."

अधिकाऱ्यानं कागद खालीवर केला. "इसमें तो एक ही आदमी का नाम है."

मामांनी सीटबेल्ट सोडला, तांब्या दोन्ही हातांनी त्याच्यापुढे धरला.

"तो फिर इसको जाने दो, साहब. मैं इधर रुकता हूँ."