हंगाम संपल्यावरचे आमचे सर

सुट्टी या प्रकाराचा आमच्या सरांइतका तिटकारा असलेला माणूस अख्ख्या पुण्यात दुसरा सापडायचा नाही. इतरांना सुट्टी नाकारली की ताप येतो, सरांना सुट्टी मिळाली की येत असे. पुण्यातल्या ज्या व्यावसायिक फुटबॉल संघात मी अकरा वर्षं खेळलो आणि त्यातली सहा वर्षं कर्णधार होतो, त्याचे ते प्रशिक्षक. आमचा हंगाम एप्रिलअखेर संपायचा. शेवटचा सामना झाला की आम्ही बूट काढून पाय पसरून बसायचो, कोणी गावच्या गाडीची चौकशी करत असायचा, आणि सर दारात उभे राहून उद्या ऊन पडणार असं सांगावं तितक्या सहजपणे सांगायचे, "परवा सकाळी सहाला मैदानावर." एकदा आमच्या गोलरक्षकाने धीर करून विचारलं, "सर, हंगाम संपला ना?" सर म्हणाले, "हंगाम संपला. आपलं पोट सुटायचं संपलंय का?" ते रागावले की 'अरे'वरून 'आपण'वर येत. त्यांनी 'आपण' म्हटलं की मैदानाला चार फेऱ्या जास्तीच्या, हे ठरलेलं.

कसबा पेठेत दोन खोल्यांत ते एकटे राहायचे. लग्न केलं नव्हतं. का, असं विचारायची आमची छाती नव्हती, पण मुहूर्त बहुधा सरावाच्या वेळेचाच निघत असणार, असं आम्ही आपसात म्हणायचो. मे महिन्यात सबंध संघ एकत्र सराव करतो आहे, यापलीकडे सुखाची त्यांची कल्पना नव्हती. ठोकलेला चेंडू कुंपणाबाहेर गेला तर ज्याने घालवला त्यानेच आणायचा, आणि येताना चालायचं नाही. मैदानाच्या फाटकावर त्यांनी स्वतःच्या अक्षरात पाटी लावली होती : 'दमलो असे म्हणणाऱ्यांनी आधी दमून दाखवावे.' माझं लग्न मे महिन्यातलं. मला दोन दिवस मोकळीक मिळाली, तीही 'वर तूच आहेस म्हणून'. पंगतीत सर माझ्या समोर येऊन उभे राहिले, ताट नीट पाहिलं आणि माझ्या बायकोला अदबीने म्हणाले, "सूनबाई, ह्याच्या ताटातली तिसरी जिलबी तेवढी तुम्ही घ्या." तिने घेतली. तिसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी मैदानावर होतो. ही गोष्ट ती अजूनही पाहुण्यांना सांगते, आणि सांगताना पूर्ण हसत नाही.

आम्ही कुरकुरायचो, नकला करायचो, पण सरांचा राग कोणाला येत नसे. ते आम्हाला पळायला लावून स्वतः सावलीत बसणाऱ्यांतले नव्हते. साठीला आलेला माणूस पुढे पळायचा आणि मागे वळून म्हणायचा, "या, या, सावकाश या, घाई नाही." कोणाचा घोटा दुखतो, कोणाचा खांदा निखळतो, हे त्यांना आमच्या आयांपेक्षा जास्त ठाऊक होतं. आमच्या मुलांपैकी मात्र एकाचंही नाव त्यांना माहीत नव्हतं.

मग तीन वर्षांपूर्वीचा मे महिना आला. सतीश आमचा मधल्या फळीच्या मागे भिंतीसारखा उभा राहणारा बचावपटू, विश्रांतवाडीला राहणारा, एकतीस वर्षांचा. गावी जत्रा होती. मुलीला घेऊन जायचं म्हणून त्याने एका दिवसाची सुट्टी मागितली. सर म्हणाले, "उद्या जा. गाव काय पळून जातंय?" सतीश उलट बोलणारा नव्हता, तो सरावाला आला. मैदान उन्हाने फरशीसारखं टणक झालं होतं. साधा चेंडू होता, सतीश तो अडवायला वळला. त्याचं सगळं अंग वळलं आणि गुडघा तिथेच राहिला. तो ओरडला नाही. बसला, गुडघ्यावर हात ठेवला आणि एवढंच म्हणाला, "सर, गेला." रुग्णवाहिका येईपर्यंत सर त्याच्या डोक्यावर स्वतःच्या अंगाची सावली धरून उभे होते.

महिन्याभराने क्लबने बैठक बोलावली. हंगाम नसताना संघाचा एकत्र सराव घ्यावा की कायमचा बंद करावा, एवढाच प्रश्न. खेळाडूंच्या वतीने बोलायचं माझ्यावर आलं. सर समोर फाइल घेऊन बसले होते. मी त्यांच्याकडे न बघता बोललो. "आठ महिने आम्ही संघाचे असतो. उरलेले चार घरच्यांचे असू द्या. सरावाचा तक्ता द्या, आम्ही आपापले करू."

"आपापले?" सर म्हणाले. "एकटा माणूस पळू शकतो, संघ नाही पळत. पास कोणाला देणार आपण? घरच्या कपाटाला?" दोघंतिघं हसले. सर हसले नाहीत. मग त्यांनी कधी न सांगितलेलं सांगितलं. चोविसाव्या वर्षी त्यांच्या क्लबने त्यांना उन्हाळाभर मोकळं सोडलं होतं. ते मजेत राहिले, सुस्तावून परतले, दुसऱ्याच सामन्यात मांडीचा स्नायू फाटला, आणि त्यानंतर पहिल्या अकरांत त्यांचं नाव कधी लागलं नाही. "मला कोणी तेव्हा दामटलं असतं तर," ते म्हणाले.

सतीश कुबड्या घेऊन आला होता. व्यवस्थापकांनी त्याला विचारलं. "सराव वाईट नव्हता साहेब," तो म्हणाला. "त्या दिवशी मला जाऊ द्यायला हवं होतं, एवढंच." सरांनी फाइल मिटली. "बंद करा," ते म्हणाले. सूर इतका साधा होता की क्षणभर आम्हाला वाटलं, ते खिडकी बंद करायला सांगताहेत.

सराव बंद झाला. निर्णय बरोबर होता आणि आजही मी तसाच बोलेन. पुढच्या मे महिन्यात मी आठ वर्षांत पहिल्यांदा मुलीबरोबर आंबे खाल्ले. संघही काही कोसळला नाही, होतो तिथेच राहिलो.

सतीश मात्र पुन्हा खेळला नाही. त्याच्याकडूनच मला नंतर कळलं की बैठकीच्या दुसऱ्या दिवसापासून सर रोज सकाळी कसब्यातून बस पकडून विश्रांतवाडीला जात होते, त्याच्या गुडघ्याचे व्यायाम करून घ्यायला. पहिले चार दिवस त्याच्या बायकोने दार अर्धं उघडून "ते झोपलेत" एवढंच सांगितलं. सर जिन्यात तासभर बसून परत जायचे. पाचव्या दिवशी ती म्हणाली, "सर, रोज कशाला येता?" सर म्हणाले, "सूनबाई, सुट्टी आहे ना." तिने दार उघडलं. वर्षभर ते जात राहिले. सतीश चालायला लागला, जिने चढायला लागला, एका शाळेत मुलांना खेळ शिकवायला लागला. त्याहून पुढे गुडघा गेला नाही. सरांनी त्याची माफी मागितली का, असं मी त्याला विचारलं. "नाही," तो म्हणाला, "पाय मात्र रोज चेपून द्यायचे."

गेल्या वर्षी मी खेळणं थांबवलं आणि त्याच हंगामाच्या शेवटी सरांनीही काम सोडलं. निरोप समारंभ नको म्हणाले. मे महिन्यात मी त्यांना अक्षरशः ओढून आमच्या भोरजवळच्या गावी नेलं. पहिल्या दिवशी सकाळी आठला मी उठलो, तर सर पडवीतल्या खुर्चीत बसलेले. दाढी केलेली, शर्ट खोचलेला, पायात बूट. पहाटे पाचपासून तसेच बसले असावेत. माझी मुलगी डोळे चोळत बाहेर आली आणि त्यांच्याकडे बघून म्हणाली, "आजोबा, कुठे जायचंय तुम्हाला?"

"कुठेच नाही गं," सर म्हणाले. "त्याचीच सवय करतोय."

ती तिथेच त्यांच्या पायाशी बसली. सरांनी तिला विचारलं, "तुझं नाव काय, बाळ?"

तिने सांगितलं. त्यांनी ते पाठ करावं तसं दोनदा म्हटलं, आणि वाकून हळूहळू बुटाची नाडी सोडायला घेतली.