मांडीवर सायकल

कलकत्ता हे शहर दमेकऱ्यांनी सायकल चालवावी म्हणूनच वसवलेलं आहे, असं पन्नास सालाच्या आसपास माझं ठाम मत होतं. सगळं कसं पोळपाटासारखं सपाट. भवानीपुरातल्या घरापासून हावड्याच्या कारखान्यापर्यंत (तिथं मी यंत्रांच्या सुट्या भागांचे नकाशे काढत असे) चढ असा एकच लागायचा, तो हावड्याच्या पुलाचा.

आमच्या बंगाली डॉक्टरांचं मत वेगळं होतं. छातीला नळी लावून ते बराच वेळ ऐकत राहिले आणि म्हणाले, "शाइकिल छाड़िए, मोशाय. नहीं छाड़ेंगे तो एक दिन शाइकिल आपको छाड़ेगा."

ती काळी, उंच दांड्याची सायकल मी पहिल्या नोकरीत घेतली होती. दम्यानं माझं बरंच काही काढून घेतलं होतं : दही, केळी, थंडीतली पहाट, मोठ्यानं हसणं. सायकल तेवढी राहिली होती. ती सुखासुखी द्यायला मी तयार नव्हतो. डॉक्टरांना शास्त्रानंच हरवायचं ठरवलं आणि एक वही घातली.

वहीत रकाने आखले. आज वारा कुठला, काल रात्री काय खाल्लं, सायकल की ट्राम, आणि शेवटचा माझा आवडता रकाना, 'दिवा'. पुलावर चढताना कितव्या दिव्याच्या खांबापाशी छातीतली पहिली शिट्टी वाजते, तो आकडा. अकरावा दिवा म्हणजे उत्तम दिवस. आपलीच छाती, पण एखाद्या परक्या गावात हिंडावं तसा मी तिच्यात हिंडत होतो. मजा यायची, खोटं कशाला सांगू?

तीन महिन्यांनी वही वाचली आणि उडालोच. सायकलीच्या एकाही दिवशी दमा शिट्टीच्या पुढे गेला नव्हता! सगळे झटके ट्रामच्या दिवशीचे. म्हणजे सायकल हेच दम्यावरचं औषध. जगाला सांगण्याआधी म्हटलं, बायकोला सांगू.

ती तांदूळ निवडत होती. हात न थांबवता तिनं सगळं ऐकून घेतलं.

"अहो, सकाळी छाती वाजत असली की सायकल काढता का तुम्ही?"

"छे! तेव्हा ट्रामनं जातो."

"मला खोकला असला की मी गाणं म्हणत नाही. मग माझ्या गाण्यानं खोकला बरा होतो म्हणायचं का?"

तीन महिन्यांचं शास्त्र एका खड्यासारखं तिनं वेचून बाजूला टाकलं. पण मी हटणारा नव्हतो. म्हटलं, मग प्रयोग नीट करू. रोज सकाळी देवापुढच्या वाटीत दोन चिठ्ठ्या टाकायच्या, 'सायकल' आणि 'ट्राम'. निघेल ते वाहन. छाती वाजो, न वाजो.

"चिठ्ठी मी उचलणार," ती म्हणाली. माझ्या बोटांवर तिचा विश्वास नव्हता.

पहिले तीन दिवस ट्राम निघाली. चौथ्या दिवशी, ऐन थंडीत, दारोदार पेटलेल्या कोळशाच्या चुलींचा धूर गल्लीत जमिनीलगत बसलेला, माझी छाती पहाटेपासून पेटीच्या भात्यासारखी चाललेली, आणि चिठ्ठी निघाली 'सायकल'.

"पुन्हा उचलते," ती म्हणाली.

"प्रयोगात पुन्हा नसतं," मी म्हणालो. असली बाणेदार वाक्यं मला नेमकी नको तेव्हा सुचतात.

तिसऱ्या दिव्यापाशी मी सायकलीवरून उतरलो आणि खांबाला मिठी मारली. श्वास आत जाईना, आत होता तो बाहेर येईना. पोलीस आला. "सकाळी साडेआठलाच?" म्हणून त्यानं माझं तोंड हुंगलं. दम्याच्या गोळ्यांखेरीज कसलाच वास येईना तेव्हा बिचाऱ्यानं हातरिक्षा थांबवली. मी सायकलीचं हॅन्डल सोडायला तयार नव्हतो. शेवटी त्यानं कंटाळून ती माझ्या मांडीवरच ठेवली.

तर अशी आमची वरात निघाली. पुढचं चाक डाव्या बाजूला बाहेर, मागचं उजव्या बाजूला, मध्ये मी शिट्ट्या वाजवत. ट्राममधले बाबू खिडक्यांतून वाकून बघत होते. आयुष्यभर मी तिच्यावर बसलो, त्या दिवशी ती माझ्यावर बसली होती. दारात बायकोनं आधी सायकल उतरवून घेतली. त्याशिवाय मला उठताच येत नव्हतं. दुपारी इंजेक्शननं जरा श्वास मोकळा झाला, तेव्हा तिनं वही आणि पेन्सिल पुढे केली.

"लिहा. तिसरा दिवा. खोटं नको."

लिहिलं.

सायकल कुणाला द्यायची, हे मात्र लगेच ठरलं. आम्हां विखुरलेल्या मराठी घरांना मिळून एकच गुरुजी होते. हावड्याला राहायचे आणि ट्रामनं सगळीकडे पोचायचे. गणेशचतुर्थीला आमच्याकडे येईपर्यंत दुपारचे दोन वाजायचे आणि पोरं मोदकांभोवती घिरट्या घालून रडकुंडीला यायची. गुरुजींना सायकल हवीच होती. अडचण एवढीच, की त्यांना ती चालवता येत नव्हती.

शिकवणार मी. चैत्रात, मैदानावर, सकाळी. पण शिकवायचं म्हणजे मागून सीट धरून धावायचं, आणि मी तर दहा पावलांत खाली बसणारा. मग मी बाकावर बसून हुकूम द्यायचो आणि बायको पदर खोचून सीट धरून धावायची. धोतराचा काष्टा घट्ट मारून गुरुजी वर, मागे ती. फुटबॉल खेळणारी बंगाली पोरं खेळ सोडून बघत उभी राहायची.

"समोर बघा, गुरुजी! पायाकडे नको!" इथपर्यंत माझा श्वास पुरायचा. "ब्रेक" म्हणायची वेळ आली की नुसती शिट्टी निघायची. गुरुजी दोनदा गोलच्या खांबावर गेले.

"यजमान," गुडघा चोळत ते म्हणाले, "ब्रेक आधी सांगा, बाकीचं मागाहून."

पंधरा दिवसांत ते शिकले. कुलूप आणि किल्ली त्यांच्या हातात दिली. किल्ल्या खरं तर दोन होत्या. दुसरी माझ्याच खिशात राहिली. राहिली म्हणजे ठेवली. गोळ्या लागू पडतील, हवा पालटेल, कुणी सांगावं? चार महिने कारखान्यात नकाशे काढताना ती खिशात चाचपत होतो.

चतुर्थीला गुरुजी सकाळी साडेसातलाच दारात हजर. आमच्या दुर्वा निवडायच्या होत्या, मोदकांचं सारण चुलीवर होतं. बायको म्हणाली, "द्या आणखी सायकली!"

पूजेला बसलो. गुरुजींनी पळीभर पाणी हातावर घातलं, पण माझं लक्ष कुठलं? बरेच दिवस मनात असलेला प्रश्न तोंडातून निघालाच.

"गुरुजी, येताना पुलावर कितव्या दिव्याला धाप लागते?"

"कसली धाप?"

"चढाची."

त्यांनी पळी ताम्हनात ठेवली आणि खरोखरीच्या कुतूहलानं माझ्याकडे पाहिलं.

"पुलाला चढ आहे?"

मागे दुर्वा निवडणारी बायको थांबली. ती हसेल असं वाटलं होतं. हसली नाही.

माझ्या वहीत सगळे रकाने होते, निरोगी माणसाचा नव्हता. मी उठलो, खुंटीवरच्या सदऱ्याच्या खिशातून किल्ली काढली आणि दक्षिणेच्या विड्यावर ठेवली.

"ही कसली?" गुरुजी म्हणाले.

"दुसरी किल्ली. माझ्याकडेच राहिली होती."

"बरं," म्हणत त्यांनी ती कनवटीला लावली. "बसा आता. आणि मध्ये बोलू नका."